डिस्क तुमची, किल्ली कंपनीची : विकत घेतलेल्या गेममधल्या कुलपाचं काय?

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही चार रूममेट्सनी वर्गणी काढून एका फायटिंग गेमची डिस्क घेतली. पहिल्याच रात्री पात्र निवडायच्या स्क्रीनवर अडलो. ट्रेलर पाहून ज्या पात्रासाठी आमच्यात आधीच भांडणं लागली होती, नेमकं तेच राखाडी रंगात दिसत होतं आणि त्यावर छोटंसं कुलूप होतं. सामने जिंकत गेलो की उघडेल, असं समजून पहाटे चारपर्यंत खेळलो. कुलूप जागचं हललं नाही. सकाळी कळलं, ते जिंकून उघडत नाही, पैसे भरून उघडतं.

एकाने वडिलांचं कार्ड वापरून पैसे भरले. डाउनलोड सुरू झालं आणि तीन-चार सेकंदांत संपलंही. होस्टेलच्या ज्या वायफायवर एक गाणं उतरेपर्यंत चहा पिऊन यावं लागायचं, तिथे अख्खं पात्र, त्याचे कपडे, आवाज, डाव, सगळं चार सेकंदांत कसं आलं? उत्तर सोपं होतं. ते आलंच नव्हतं. ते आधीपासून आमच्या डिस्कवर होतं. आम्ही डाउनलोड केली ती फक्त किल्ली. तेव्हा एक मित्र वैतागून म्हणाला, "मग आपण दुकानातून आणलं काय?"

गेम खेळणाऱ्या प्रत्येकाने आणि मुलांना गेम घेऊन देणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी हा प्रश्न विचारायला हवा. कारण त्याचं उत्तर जगभर बदलत चाललंय आणि भारतातल्या ग्राहकाच्या हातातही वाटतं त्यापेक्षा जास्त बळ आहे.

कुलूप नेमकं कुठे असतं?

गेम विकून झाल्यावर त्यात भर घालणाऱ्या सामग्रीला डीएलसी म्हणतात, म्हणजे डाउनलोड करायची सामग्री. नवी पात्रं, नवे नकाशे, नव्या गाड्या, कथेचे नवे भाग असं काहीही त्यात येतं. त्यात मुळात गैर काही नाही. 'द विचर ३' हा गेम २०१५ मध्ये आला. त्याच्या कंपनीने नंतर १६ छोट्या भेटी फुकट दिल्या आणि दोन मोठे नवे भाग वेगळे पैसे घेऊन विकले. ते दोन भाग मूळ गेमनंतर आले, त्यांच्यामागे वेगळी मेहनत होती आणि ते न घेताही मूळ गेम पुरेपूर भरलेला होता. त्याबद्दल खेळाडूंची फारशी तक्रार नव्हती.

तक्रार सुरू होते ती दुसऱ्या प्रकारात. सामग्री आधीच तयार असते. ती डिस्कवर छापलेली असते किंवा तुम्ही उतरवलेल्या फाइलमध्ये बसलेली असते. तुमच्या हार्ड डिस्कवरची जागाही ती खाते. पण गेम सुरू होताना तुमच्या खात्यावर अमुक एका परवान्याची नोंद आहे का, हे तपासलं जातं. नोंद नसेल तर दार बंद. तुम्ही पैसे भरता तेव्हा बहुतेक वेळा ही छोटीशी नोंद तेवढी येते. २०१० मध्ये 'बायोशॉक २' साठी विकलेला एक पॅक किलोबाइटमध्ये मोजण्याइतका लहान निघाला आणि सामग्री डिस्कवरच असल्याचं कंपनीनेही मान्य केलं होतं.

२०१२ मध्ये काय घडलं?

या वादाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन'. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा हा गेम मार्च २०१२ मध्ये बाजारात आला. एक्सबॉक्स ३६० च्या आवृत्तीत ३८ पात्रं खेळायला मिळत होती. गेम येताच काही खेळाडूंनी डिस्कवरच्या फाइल उघडून पाहिल्या आणि त्यांना आणखी १२ पात्रं सापडली. तीही अर्धवट नव्हती, खेळता येतील इतकी तयार होती. कंपनी हीच पात्रं काही महिन्यांनी २० डॉलरला विकणार होती. मूळ गेम साधारण ६० डॉलरचा. म्हणजे हातात असलेल्या डिस्कसाठी आणखी एक तृतीयांश किंमत.

अमेरिकेत ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या 'बेटर बिझनेस ब्युरो' या संस्थेकडे हे प्रकरण गेलं. कंपनीच्या उत्तराचा आशय असा होता, की सामग्री डिस्कवर कुलूपबंद असो की नंतर डाउनलोड करून घ्यायची असो, फरक फक्त पोहोचवण्याच्या पद्धतीचा आहे. खेळाडूंचा राग मात्र ओसरला नाही. अखेर पुढच्या गेममध्ये या पद्धतीचा फेरविचार करू, असं कंपनीला सांगावं लागलं.

कंपनीचं म्हणणं अगदीच चूक आहे का?

इथे घाई करून चालणार नाही. कोड लिहायला शिकलेला माणूस म्हणून मला कंपनीचे दोन मुद्दे पटतात.

पहिला मुद्दा तांत्रिक आहे. ऑनलाइन सामन्यात तुमच्या समोरच्याने एखादं पात्र विकत घेतलं असेल आणि तुम्ही घेतलं नसेल, तरी ते तुमच्या पडद्यावर दिसायला हवं. त्यासाठी त्याचा डेटा तुमच्या यंत्रातही हवाच. तो आधीच डिस्कवर टाकणं हा सोयीचा मार्ग आहे.

दुसरा मुद्दा खर्चाचा. अमेरिकेत मोठ्या गेमची किंमत साधारण २००५ पासून २०२० पर्यंत ६० डॉलरवरच अडकली होती. त्या काळात गेम बनवणाऱ्यांचे संघ आणि खर्च दोन्ही वाढत गेले. ती तूट भरून काढण्यासाठी कंपन्यांनी वेगळ्या विक्रीचा मार्ग धरला, हे समजण्यासारखं आहे. डिस्कवरचा प्रत्येक बाइट माझ्याच मालकीचा, असा हट्टही टिकणारा नाही. एकाच सॉफ्टवेअरच्या स्वस्त आणि महाग आवृत्त्या वर्षानुवर्षं एकाच सीडीवरून विकल्या गेल्या आहेत.

१९९६ चं उदाहरण पाहा. आयडी सॉफ्टवेअर कंपनीने 'क्वेक' गेमची शेअरवेअर सीडी स्वस्तात विकायला काढली. तिच्यावर सुरुवातीचा भाग खुला होता आणि पूर्ण गेम कुलूपबंद. कंपनीला फोन करायचा, पैसे भरायचे आणि किल्लीचा आकडा लिहून घ्यायचा. तंत्र अगदी तेच. पण तिथे फसवल्याची भावना नव्हती, कारण ही नमुन्याची सीडी आहे, बाकीचा गेम पैसे भरल्यावर उघडेल, हा व्यवहार घेणाऱ्याला आधीच ठाऊक होता.

म्हणून माझं मत असं, की दोष कुलपात नाही, ते लपवण्यात आहे. २०१२ मध्ये पूर्ण किंमत मोजून डिस्क घेणाऱ्याला आत १२ बंद खोल्या असल्याचं दुकानात कुणी सांगितलं नाही. फाइल उकरून काढणाऱ्या खेळाडूंकडून ते कळलं.

गेमचाही 'कार्पेट एरिया' सांगा

महाराष्ट्रात फ्लॅट शोधलेल्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. वर्षानुवर्षं आपल्याला 'सुपर बिल्ट-अप' आकडा ऐकवला जायचा. हजार चौरस फुटांचं घर म्हणून पैसे भरायचे आणि आत गेल्यावर जिना, लॉबी, लिफ्टसुद्धा त्यातच धरल्याचं कळायचं. २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला घरं विकण्यापासून रोखलं नाही. किंमत किती लावायची तेही सांगितलं नाही. प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा, म्हणजे कार्पेट एरिया, आधी स्पष्ट सांगायला मात्र भाग पाडलं.

त्याआधी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात स्टिल्ट पार्किंगबद्दल निकाल दिला होता. इमारतीखालची ती जागा सर्वांच्या सामायिक हक्काची आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. घराचा कायदा गेमला लागू होत नाही, हे उघड आहे. पण त्यामागचा विचार लागू होतो. एकदा विकलेल्या वस्तूचा तुकडा पुन्हा विकायचा असेल, तर पहिल्या विक्रीत नेमकं काय दिलं हे स्वच्छ असायला हवं. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन छापावं लागतं. मग चार-पाच हजारांच्या गेमवर आत किती खुलं आणि किती बंद, एवढं छापायला काय हरकत आहे?

एका पात्रापासून अख्ख्या गेमपर्यंत

२०१२ नंतर कुलपाने रूप बदललं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ईए कंपनीचा 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' आला. त्यात ल्यूक स्कायवॉकर आणि डार्थ व्हेडर ही सगळ्यांची आवडती पात्रं सुरुवातीला ६० हजार क्रेडिटच्या कुलपात होती. खेळाडूंनी हिशेब मांडला, तर एका पात्रासाठी सुमारे ४० तास खेळावं लागत होतं. दुसरीकडे, पैसे देऊन घ्यायच्या 'लूट बॉक्स'मधून प्रगती लवकर होत होती. लूट बॉक्स म्हणजे आत काय निघेल हे आधी न कळणारी पेटी. ओरड इतकी झाली, की कंपनीने ती किंमत ७५ टक्क्यांनी उतरवली आणि गेम येण्याच्या तोंडावर पैशांची खरेदी थांबवली.

पुढे एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या गेमिंग आयोगाने 'फिफा १८', 'ओव्हरवॉच' आणि 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह' यांतल्या लूट बॉक्सना जुगार ठरवलं. नेदरलँड्समध्ये मात्र उलटं झालं. तिथे ईएला झालेला एक कोटी युरोचा दंड २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द केला. एकाच पेटीला एक देश जुगार म्हणतो, दुसरा म्हणत नाही. म्हणून मला वाटतं, जुगाराच्या कायद्यापेक्षा ग्राहकाचा कायदा हाच या प्रश्नाचा सरळ रस्ता आहे.

आणि मग आलं सगळ्यात मोठं कुलूप. युबिसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' हा कार रेसिंगचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आणला होता. तो एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागायचा. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि गेम कायमचा थांबला. नंतर अनेकांच्या खात्यातून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला. ज्यांच्या कपाटात डिस्क होती, त्यांच्याकडे एक चकचकीत गोल तबकडी तेवढी उरली. यातूनच यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघाकडे केलेल्या तिच्या मागणीला जुलै २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. मागणी साधी आहे : सर्व्हर बंद करा, पण विकलेला गेम चालू राहील अशी काही सोय करून जा.

आधी एक पात्र, मग प्रगती, मग सगळा गेम. बंद दार मोठं होत गेलं, पण मूळ प्रश्न आमच्या होस्टेलमधलाच राहिला.

'बाय' बटण दाबलं की काय मिळतं?

बहुतेक ऑनलाइन स्टोअरवर तुम्ही 'बाय' दाबता तेव्हा तुम्हाला वापरण्याचा परवाना मिळतो, मालकी नाही. हे नियम-अटींच्या लांबलचक मजकुरात लिहिलेलं असतं. तो मजकूर आपल्यापैकी कुणी वाचत नाही, हे कंपन्यांनाही माहीत आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये यावर कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. डिजिटल वस्तू प्रत्यक्षात परवाना असेल, तर ग्राहकाला ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' अशा अर्थाचे शब्द तिथे वापरता येत नाहीत. 'स्टीम' या मोठ्या ऑनलाइन स्टोअरने ऑक्टोबर २०२४ पासूनच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ दाखवायला सुरुवात केली.

ऑस्ट्रेलियाने त्याआधीच एक पाऊल टाकलं होतं. कॉम्प्युटर गेम ही तिथल्या ग्राहक कायद्यानुसार 'वस्तू'च आहे, असं २०१६ मध्ये तिथल्या न्यायालयाने मान्य केलं आणि स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. आम्ही परदेशी कंपनी आहोत, आमच्या अटींत परतावा नाही, हा बचाव टिकला नाही. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात तर डिजिटल सामग्रीचं वेगळं प्रकरणच आहे. ती चांगल्या दर्जाची, कामाला येणारी आणि वर्णनाप्रमाणे असली पाहिजे.

भारतात कायदा काय सांगतो?

गेमिंग आणि कायदा म्हटलं, की सध्या पैसे लावून खेळायच्या ॲपवर बंदी घालणारा २०२५ चा कायदा आठवतो. पण विकत घेतलेल्या गेममधलं कुलूप हा त्याचा विषय नाही. आपल्या कामाचा आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तो जुलै २०२० पासून लागू झाला. ई-कॉमर्सच्या व्याख्येत तो डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट उल्लेख करतो. घेत असलेल्या वस्तूची माहिती मिळण्याचा हक्क तो ग्राहकाला देतो. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हे सेवेतल्या त्रुटीत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मोडतं. योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा कंपनीला देणारी अट 'अन्यायकारक करार' ठरू शकते. तशी तक्रार राज्य आयोगाकडे करता येते.

याहून नेमकं शस्त्र नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहकाला गुंगवणाऱ्या १३ युक्त्या त्यात दिल्या आहेत. त्यातली एक आहे 'ड्रिप प्रायसिंग', म्हणजे किंमत थेंबाथेंबाने उघड करणं. आणखी काही विकत घेतल्याशिवाय आधीच पैसे भरलेली सेवा वापरू न देणं, हेही त्यात धरलं आहे. सूचनांमधली उदाहरणं वाचा. एक आहे बुद्धिबळाच्या ॲपचं : फुकट खेळा असं सांगून सात दिवसांनी पैसे मागणारं. दुसरं जिमचं : सदस्यत्व घेतल्यावर जिमकडूनच खास बूट घ्यावे लागतील, हे आधी न सांगणारं.

आता जिमच्या जागी गेम ठेवा आणि बुटांच्या जागी ती किल्ली. माझ्या मते विक्रीच्या वेळी न सांगितलेलं कुलूप या चौकटीत बसतं. भारतात पद्धतशीरपणे वस्तू किंवा सेवा विकणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना या सूचना लागू आहेत, त्यामुळे कंपनीचं मुख्यालय परदेशात आहे म्हणून तिला सुटका नाही. प्राधिकरणाने आता एवढंच करावं : गेमच्या पानावर आणि डिस्कच्या वेष्टनावर चार ओळी सक्तीच्या कराव्यात. मूळ किमतीत काय मिळतं, विक्रीच्या दिवशीच काय तयार पण बंद आहे, ते उघडायला एकूण किती पैसे लागतील आणि गेम सर्व्हरवर अवलंबून असेल तर तो किमान कोणत्या तारखेपर्यंत चालेल.

तोवर तुम्ही काय करू शकता?

पहिलं, गेम घेण्याआधी त्याच्या पानावरची डीएलसीची यादी उघडा. गेम येण्याच्या दिवशीच ती लांबलचक असेल, तर मूळ किमतीत त्यांची किंमत मिळवून मगच महाग की स्वस्त ते ठरवा. प्री-ऑर्डरची घाई नको.

दुसरं, ट्रेलर, जाहिरात आणि पैसे भरण्याच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. काय दाखवलं आणि काय दिलं, हे तक्रारीत त्यावरूनच सिद्ध होतं.

तिसरं, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवं. तसं झालं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार करता येते.

चौथं, तरीही काही झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती चुकवू नका.

मी गेम खेळत नाही, मग मला काय?

बीएमडब्ल्यू कंपनीने २०२२ मध्ये काही देशांत गाडीतली सीट गरम करण्याची सोय मासिक भाड्याने देऊ केली. यंत्रणा सीटमध्ये बसवलेलीच होती, कुलूप सॉफ्टवेअरचं होतं. लोक चिडले आणि पुढच्या वर्षी कंपनीने तो बेत सोडला. पण कल्पना मेलेली नाही. ज्या वस्तूत चिप आहे, त्या प्रत्येक वस्तूत किल्ली विकणाऱ्याकडे ठेवता येते. गेम हे त्याचं पहिलं मैदान होतं, कारण तिथला ग्राहक तरुण होता आणि त्याची तक्रार कुणी मनावर घेत नव्हतं. "गेमच तर आहे," असं म्हणून आपण ती सोडून दिली.

आमच्या होस्टेलमधली ती डिस्क अजून एका मित्राकडे आहे. ते पात्र मात्र ज्याने पैसे भरले त्याच्या खात्यावरच उघडतं. बाकीच्या तिघांसाठी, वर्गणी समान भरूनसुद्धा, ते आजही राखाडीच आहे. दुकानदाराने त्या दिवशी एक ओळ सांगितली असती, तर कदाचित आम्ही तरीही गेम घेतला असता. पण काय घेतोय, हे माहीत असून घेतला असता.